जीवाणूंची उसनवारी : प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुके हातोहात कशी पसरतात

कॅरी (नॉर्थ कॅरोलायना) : २०१६ च्या ऑगस्टमध्ये नेवाडा राज्यातील रीनो येथे सत्तरीतील एक महिला रुग्णालयात दाखल झाली. भारतातील दीर्घ मुक्काम आटोपून ती नुकतीच अमेरिकेत परतली होती. मांडीचे हाड मोडल्याने आणि पुढे हाडात जंतुसंसर्ग झाल्याने आधीच्या दोन वर्षांत तिला भारतातील रुग्णालयांत अनेकदा राहावे लागले होते. तिच्या जखमेत सापडलेल्या क्लेबसिएला न्यूमोनिए या जीवाणूवर २६ प्रतिजैविकांची चाचणी घेण्यात आली. त्यांतील एकाचाही भरवसा धरता येईना. सप्टेंबरच्या आरंभी तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, जानेवारी २०१७ मध्ये या प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या जीवाणूत एनडीएम नावाचे जनुक आढळल्याची नोंद त्यात आहे.

अशा बातम्यांत 'सुपरबग' हा शब्द हटकून येतो आणि वाचकाच्या मनात एखाद्या नव्या, अजिंक्य जंतूचे चित्र उभे राहते. वस्तुस्थिती निराळी आहे. क्लेबसिएला हा जुनाच, परिचित जंतू. अनेकांच्या आतड्यात तो निमूटपणे राहत असतो. नवे असते ते त्याच्याजवळचे जनुक, आणि ते त्याच्या घराण्यात मुळात नव्हतेच. ते बाहेरून आले. जीवाणू एकमेकांकडून जनुके घेतात कशी, हे समजून घेतल्यावाचून प्रतिजैविकांच्या अपयशाची कहाणी अर्धीच कळते. कॅरीच्या वाचकांसाठी या विषयाला आणखी एक संदर्भ आहे. या देवघेवीची यंत्रणा उलगडण्याचे आणि ती रोखण्याचे काही महत्त्वाचे काम रॅली, डरॅम आणि चॅपेल हिल या तीन विद्यापीठनगरांत झाले आहे, आणि कॅरीहून तिन्ही ठिकाणे मोटारीने अर्ध्या तासाच्या आसपास आहेत.

उभा वारसा आणि आडवी देवघेव

जीवाणू दुभंगून वाढतो. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा आतड्यातील जीवाणू सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतो आणि दोघांनाही डीएनएची तीच प्रत मिळते. प्रत काढताना क्वचित चूक होते. तिला उत्परिवर्तन म्हणतात. एखादी चूक उपयोगी ठरली तर ती पुढच्या पिढ्यांत उतरते. हा झाला उभा वारसा, वडिलोपार्जित जमिनीसारखा.

परंतु अवजार शेजाऱ्याकडूनही मागून आणता येते. जीवाणू आपल्या पिढीतल्या, परक्या जातीच्या, इतकेच नव्हे तर मेलेल्या जीवाणूकडूनही जनुक घेऊ शकतो. याला आडवे जनुक-संक्रमण म्हणतात. उत्परिवर्तनाने जे साधायला असंख्य पिढ्यांची चाचपणी लागेल, ते या वाटेने एका भेटीत तयार हाती पडते. जीवाणूंच्या बाबतीत 'जात' ही कल्पनाच त्यामुळे थोडी सैल होते. ई. कोलायच्या दोन वाणांची जनुके ताडून पाहिली तर त्यांतील मोठा हिस्सा एकमेकांशी जुळत नाही, कारण प्रत्येकाने वाटेत निरनिराळे सामान गोळा केलेले असते.

तीन वाटा

पहिली वाट लंडनमध्ये सापडली. फ्रेडरिक ग्रिफिथ हे न्यूमोनियाच्या जंतूंचा अभ्यास करीत होते. या जंतूचा एक वाण गुळगुळीत आवरणाचा आणि घातक, तर दुसरा खडबडीत व निरुपद्रवी. ग्रिफिथ यांनी घातक वाण उष्णतेने मारला, जिवंत निरुपद्रवी वाणात मिसळला आणि ते मिश्रण उंदरांना टोचले. उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जंतू मिळाले. मेलेल्यांकडून जिवंतांकडे काहीतरी गेले होते. हे १९२८ चे. ते 'काहीतरी' म्हणजे डीएनए, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवले. ग्रिफिथ त्याआधी तीन वर्षे लंडनवरील हवाई हल्ल्यात मरण पावले होते. आनुवंशिकतेचे द्रव्यच आपल्या प्रयोगाने हाती लागले होते, हे त्यांना कधी कळले नाही.

मृत जीवाणूंच्या विखुरलेल्या डीएनएचे तुकडे आत ओढून घेण्याच्या या प्रकाराला रूपांतरण, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. सगळ्या जीवाणूंना ते जमत नाही, आणि ज्यांना जमते त्यांनाही सदासर्वदा जमत नाही. पटकीचा जंतू विब्रिओ कॉलरी समुद्रात आणि खाड्यांत खेकडे-कोळंबीच्या कवचांवर वस्ती करतो. त्या कवचातील कायटिन या द्रव्याचा स्पर्श झाला की त्याची डीएनए घेण्याची क्षमता जागी होते. स्वित्झर्लंडमधील मेलानी ब्लोकेश यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले, की याच वेळी तो एक सूक्ष्म भालाही बाहेर काढतो, शेजारच्या जीवाणूला भोसकतो आणि त्याच्या फुटलेल्या पेशीतून सांडलेला डीएनए उचलतो. उसनवारी हा शब्द इथे फारच सौम्य म्हणावा लागेल.

दुसरी वाट विषाणूंची. जीवाणूंनाही विषाणू ग्रासतात. त्यांना जीवाणुभक्षी किंवा फाज म्हणतात. जीवाणूच्या पेशीत आपल्या प्रती भरताना कधी कधी फाजच्या कवचात चुकून त्या जीवाणूचाच डीएनए कोंबला जातो आणि पुढच्या पेशीत उतरतो. नॉर्टन झिंडर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये याचे वर्णन केले आणि त्याला ट्रान्सडक्शन हे नाव दिले. काही फाज तर जीवाणूच्या गुणसूत्रात कायमचे घर करतात आणि येताना स्वतःची जनुके आणतात. पटकीचे विष ज्या जनुकांतून तयार होते ती जनुके मुळात अशाच एका फाजची आहेत, हे मॅथ्यू वाल्डर आणि जॉन मेकॅलॅनोस यांनी १९९६ मध्ये सिद्ध केले. हा फाज नसलेला विब्रिओ खाडीत राहतो, पण साथ पसरवीत नाही. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या वारीपासून मुंबई बंदरापर्यंत ज्या रोगाने थैमान घातले, त्याचे मुख्य हत्यार असे उसने होते.

तिसरी वाट, म्हणजे संयुग्मन किंवा कॉन्ज्युगेशन, प्रतिजैविकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. म्हणून तिच्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

प्लाझ्मिड नावाचे प्रवासी सामान

लेडरबर्ग अवघे २१ वर्षांचे असताना, १९४६ मध्ये, येल विद्यापीठात एडवर्ड टॅटम यांच्यासह त्यांनी ई. कोलायचे दोन पंगू वाण एकत्र वाढवले. प्रत्येकाला काही पोषकद्रव्ये स्वतः बनवता येत नव्हती. मिश्रणातून मात्र सर्व द्रव्ये बनवणारे धडधाकट जीवाणू निघाले. दोन्ही वाणांच्या जनुकांची सरमिसळ झाली होती आणि त्यासाठी पेशींचा प्रत्यक्ष स्पर्श आवश्यक होता, हे नंतर उघड झाले. १९५० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एली वोलमन आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी संयुग्मन चालू असलेले जीवाणू ठरावीक मिनिटांनी स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये घुसळून अलग केले आणि तोवर कोणती जनुके पलीकडे पोचली ते पाहिले. जनुके एका ओळीत, वेळापत्रकानुसार जात होती, ई. कोलायचे सबंध गुणसूत्र जायला सुमारे १०० मिनिटे लागतात. कित्येक वर्षे या जीवाणूचा जनुकीय नकाशा मिनिटांत मोजला जाई.

एरवी मात्र सबंध गुणसूत्र जात नाही. जाते ते प्लाझ्मिड. मुख्य गुणसूत्राहून वेगळे, बहुधा गोलाकार, स्वतःच्या प्रती स्वतः काढणारे हे डीएनएचे कडे आहे. हा शब्द लेडरबर्ग यांनीच १९५२ मध्ये घडवला. प्लाझ्मिड असलेला जीवाणू पिलस नावाचा लांब धागा बाहेर टाकतो, तो शेजाऱ्याला चिकटतो, धागा आत ओढला जातो आणि दोन पेशी एकमेकींना भिडतात. मग रिलॅक्सेज हे विकर प्लाझ्मिडच्या दुहेरी साखळीपैकी एक साखळी नेमक्या जागी कापते, तिचे टोक स्वतःला जोडून घेते आणि तिच्यासह दोन पेशींमधल्या नळीतून पलीकडे जाते. दोन्हीकडे उरलेली दुसरी साखळी नव्याने विणली जाते. देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही, आणि घेणारा स्वतः देणारा बनतो. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यामुळे प्लाझ्मिड एखाद्या संसर्गजन्य रोगाप्रमाणे जीवाणूंच्या वस्तीत पसरू शकते.

याचा वैद्यकीय अर्थ प्रथम जपानी संशोधकांनी ओळखला. युद्धोत्तर जपानमध्ये आमांशाची साथ मोठी होती आणि सल्फा औषधांपाठोपाठ नवी प्रतिजैविके सढळ वापरली जात होती. १९५५ मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका रुग्णात अनेक औषधांना एकाच वेळी दाद न देणारा शिगेला जीवाणू सापडला. चार औषधांविरुद्ध चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच जीवाणूत एकदम घडणे जवळजवळ अशक्य. पुढे असेही दिसले, की त्याच रुग्णांच्या आतड्यातला साधा ई. कोलायही त्याच औषधांना दाद देत नाही. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी हा प्रतिरोध ई. कोलायकडून शिगेलाकडे केवळ सहवासाने जातो, हे प्रयोगाने दाखवले. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये इंग्रजीत आढावा लिहिला, तेव्हा पाश्चात्त्य जगाचे लक्ष तिकडे गेले. चार वर्षांचा तो विलंब आज अनाकलनीय वाटतो.

प्लाझ्मिडच्या आतही हालचाल चालू असते. ट्रान्सपोझॉन, म्हणजे उडी मारणारे जनुकांचे तुकडे, गुणसूत्रावरून प्लाझ्मिडवर आणि एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर जातात. एका पेटीत दुसरी पेटी, तिच्यात तिसरी, असा हा प्रकार. म्हणूनच एका प्लाझ्मिडवर पाच-सहा निरनिराळ्या औषधांविरुद्धची जनुके एकत्र सापडतात आणि एका औषधाच्या वापराने बाकीच्या सगळ्यांविरुद्धचा प्रतिरोधही आपोआप टिकून राहतो.

सीटीएक्स-एम कुटुंबातील जनुकांचे मूळ क्लुइव्हेरा नावाच्या, सहसा कोणाच्या वाटेला न जाणाऱ्या जीवाणूच्या गुणसूत्रात आहे. तिथून एका उडत्या तुकड्याच्या आधाराने ती प्लाझ्मिडवर आली आणि ई. कोलायमध्ये पोचली. आज जगभर लघवीच्या मार्गाच्या साध्या संसर्गांत डॉक्टरांना जी जनुके त्रास देतात, त्यांत सीटीएक्स-एम-१५ अग्रभागी आहे. त्याचे पहिले वर्णन झाले ते दिल्लीच्या एका रुग्णालयात १९९९ मध्ये मिळालेल्या जीवाणूंतून.

एनडीएम : दिल्लीचे नाव, मुंबईची नोंद

कार्बापेनेम ही प्रतिजैविके बराच काळ राखीव फौज मानली जात. इतर औषधे हरली की ती वापरायची. एनडीएम-१ हे विकर जस्ताच्या अणूंच्या साहाय्याने त्यांच्या रेणूतील कळीचे कडेच फोडते. त्याची पहिली नोंद २००९ च्या अखेरीस झाली. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या, भारतीय वंशाच्या एका स्वीडिश नागरिकाच्या लघवीत जानेवारी २००८ मध्ये क्लेबसिएला मिळाला होता, त्यात हे जनुक होते. पण या शोधनिबंधातील अधिक बोलकी गोष्ट पुढची आहे. त्याच रुग्णाच्या विष्ठेतील ई. कोलायमध्येही तेच जनुक सापडले, वेगळ्या आकाराच्या प्लाझ्मिडवर. म्हणजे ते रुग्णाच्या आतड्यातच एका जातीतून दुसरीत गेले असावे, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. वातानाबे यांच्या पिढीने आमांशाच्या रुग्णांत पाहिले तेच अर्ध्या शतकानंतर पुन्हा समोर आले.

मुंबईच्या माहीम भागातील पी. डी. हिंदुजा रुग्णालयाने मार्च २०१० मध्ये भारतातील डॉक्टरांच्या एका प्रमुख नियतकालिकात आपली आकडेवारी मांडली. पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळातील कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जीवाणू तपासले. २२ मध्ये एनडीएम-१ होते. त्यांत क्लेबसिएला होते, ई. कोलाय होते, एन्टेरोबॅक्टर आणि मॉर्गनेलाही होते. एकाच रुग्णालयात, काही महिन्यांत, चार निरनिराळ्या प्रकारच्या जीवाणूंत एकच जनुक सापडते, तेव्हा ते केवळ वंशपरंपरेने आलेले नसते.

पाच महिन्यांनी, ऑगस्ट २०१० मध्ये, 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' मध्ये चेन्नई, हरियाणा, ब्रिटन आणि उपखंडातील इतर ठिकाणच्या १८० नमुन्यांचा लेख आला आणि भारतात गदारोळ उठला. वैद्यकीय पर्यटनाला बदनाम करण्याचा हा डाव आहे, असे संसदेतही बोलले गेले. शहराचे नाव जनुकाला देण्याची प्रथा जुनीच आहे: व्हीआयएम व्हेरोनाचे, एसपीएम साओ पाउलोचे, एसआयएम सोलचे. तरीही 'नवी दिल्ली' या नावाने झालेला मनस्ताप खरा होता, आणि 'लॅन्सेट'चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी जानेवारी २०११ मध्ये नामकरणाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. नावावरच्या वादात मुंबईच्या डॉक्टरांचा लेख मात्र झाकोळला गेला. परदेशी लेख यायच्या आधीच, भारतीय नियतकालिकात, भारतीय डॉक्टरांनी धोक्याची घंटा वाजवली होती, ही बाब आजही फारशी कोणी सांगत नाही.

त्याच हिंदुजा रुग्णालयाने दोन वर्षांच्या आत आणखी एक खळबळजनक नोंद केली, आणि ती नेमकी उलट प्रकारची होती. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी क्षयाच्या अशा चार रुग्णांचे वर्णन केले, ज्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध लागू पडत नव्हते. क्षयाचा जंतू प्लाझ्मिडची देवघेव करीत नाही. त्याचा प्रतिरोध उत्परिवर्तनांतून, एकेक पायरीने वाढतो, आणि प्रत्येक पायरी बहुधा चुकीच्या किंवा अर्धवट औषधयोजनेने चढलेली असते. उदवाडिया यांच्या गटाने त्याआधी धारावीतील १०६ खासगी डॉक्टरांना बहुऔषध-प्रतिरोधी क्षयाच्या काल्पनिक रुग्णासाठी चिठ्ठी लिहायला सांगितली होती. बिनचूक चिठ्ठी फक्त पाच जणांनी लिहिली. क्षयाबाबत रुग्णाला पूर्ण मात्रा मिळते की नाही यावर बरेच अवलंबून असते. एनडीएमबाबत तेवढे पुरत नाही, कारण ज्याने आयुष्यात कधी प्रतिजैविक घेतलेले नाही अशाच्या आतड्यातही हे जनुक आयते येऊन राहू शकते.

कोठून? २०१० च्या शरदात दिल्लीत घेतलेल्या साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोहोंत एनडीएम-१ जनुक सापडले. शिगेला आणि विब्रिओ कॉलरी या रोगजंतूंतही ते पोचलेले होते. याच अभ्यासात प्लाझ्मिडची देवघेव २५ किंवा ३७ पेक्षा ३० अंश सेल्सिअसला अधिक वेगाने होते, असे दिसले. भारतातील सांडपाण्याला हे तापमान वर्षातले कित्येक महिने अनायासे लाभते.

हे जनुक घडले कोठे, याचाही माग लागला आहे. त्याच्या सुरुवातीचा छोटा भाग दुसऱ्याच एका प्रतिरोध-जनुकाचा आहे. दोन तुकडे जोडून ते तयार झाले, आणि ही जोडणी बहुधा ॲसिनेटोबॅक्टर बाउमॅनी या जीवाणूत झाली, असे २०१२ मध्ये दाखवण्यात आले. अतिदक्षता विभागात ठाण मांडणारा हा जंतू मराठी सूक्ष्मजीवशास्त्राला नवा नव्हता. डॉ. बी. ए. चोपडे यांनी १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲसिनेटोबॅक्टरमधील प्लाझ्मिड-वहनावर काम केले होते आणि पुढे पुणे विद्यापीठात त्यांच्या गटाने हाच धागा चालू ठेवला. २००८ मधील त्यांच्या एका शोधनिबंधाचा विषय अतिदक्षता विभागातील, एकाहून अधिक प्लाझ्मिडे बाळगणारा, अनेक औषधांना न जुमानणारा ॲसिनेटोबॅक्टर हाच होता. एनडीएमचे नाव तेव्हा जगाला माहीत नव्हते.

दारे बंद करणारे जीवाणू

जीवाणू सर्वांनाच आत घेतात असे नाही. परका डीएनए बहुतेक वेळा निरुपयोगी किंवा घातक असतो. तो ओळखून कापणारी विकरे पुष्कळ जीवाणूंत असतात. याखेरीज दोन रोधक यंत्रणांचा कॅरीच्या परिसराशी संबंध आहे.

डरॅमच्या ड्यूक विद्यापीठातील पॉल मॉड्रिच यांनी डीएनएच्या प्रतीतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा उलगडली आणि २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. (त्या वर्षीचे आणखी एक मानकरी अझीझ सँकार हे चॅपेल हिलचे.) हीच यंत्रणा परक्या जातीचा डीएनए गुणसूत्रात मिसळू देत नाही. ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्यात एरवी जनुकांची मिसळ नगण्य असते. ही दुरुस्ती-यंत्रणा निकामी केली की ती कितीतरी पटींनी वाढते. मॉड्रिच यांच्या गटाने १९९४ मध्ये या अडथळ्याची रासायनिक बाजू परीक्षानळीत दाखवली. प्लाझ्मिडला गुणसूत्रात मिसळायची गरजच नसल्याने तो हा पहारा चुकवतो.

दुसरी यंत्रणा क्रिस्पर. रॅलीच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील रोडॉल्फ बॅरांगू यांनी, ते विस्कॉन्सिनमधील एका अन्नघटक कंपनीत असताना, दह्या-चीजच्या विरजणातील स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जीवाणूवर काम केले. हा जीवाणू हल्ला करणाऱ्या फाजच्या डीएनएचा तुकडा आपल्या गुणसूत्रात जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्यावरून शत्रू ओळखतो, हे त्यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात लुसियानो मॅराफिनी आणि एरिक सॉन्थायमर यांनी क्रिस्पर प्लाझ्मिडलाही अडवते हे सिद्ध केले. विरजण टिकवण्याच्या धडपडीतून जनुक-संपादनाचे तंत्र निघाले, ही आता बहुश्रुत गोष्ट आहे. ते मुळात आडव्या देवघेवीवरचे कुलूप होते, हे कमी सांगितले जाते.

देवघेव थांबवता येईल काय?

चॅपेल हिल येथे मॅथ्यू रेडिन्बो यांच्या गटाने वर वर्णिलेल्या रिलॅक्सेज विकरालाच लक्ष्य केले. साखळी कापणारे हे विकर अडवले तर प्लाझ्मिड निघणारच नाही. २००७ मध्ये त्यांनी दाखवले, की हाडांच्या विकारांवर वापरली जाणारी बिसफॉस्फोनेट गटातील काही औषधे प्रयोगशाळेत हे काम करतात, आणि वर प्लाझ्मिडधारी जीवाणूंनाच वेचून मारतात. बातमीला साजेसाच निष्कर्ष होता. परंतु २०१२ मध्ये याच गटाने आणखी दोन प्लाझ्मिडांवर प्रयोग केले, तेव्हा परिणाम प्लाझ्मिडाप्रमाणे बदलतो असे आढळले आणि सर्वांवर चालणारा रोधक म्हणून या औषधांचा उपयोग होण्याची शक्यता कमी आहे, असे त्यांनी स्वतःच नमूद केले. पहिल्या बातमीइतकी दुसरी गाजत नाही, हा वृत्तपत्रांचा दोष विज्ञानाच्या पानांवरही दिसतो.

ड्यूक विद्यापीठात लिंगचाँग यू यांच्या प्रयोगशाळेने दोन प्रचलित समजुती तपासल्या. प्रतिजैविकांमुळे संयुग्मनाचा वेग वाढतो, ही पहिली. ॲलिसन लोपाट्किन आणि सहकाऱ्यांच्या २०१६ मधील मोजणीनुसार वेगात लक्षणीय फरक पडत नाही. औषध प्लाझ्मिड नसलेल्यांना मारते आणि असलेल्यांना मोकळे रान देते, म्हणून देवघेव वाढल्यासारखी दिसते. दुसरी समजूत अधिक महत्त्वाची. प्लाझ्मिड बाळगणे जीवाणूला महाग पडते, तेव्हा औषधाचा वापर थांबवला की ओझे वाहणारे मागे पडतील आणि प्रतिरोध आपोआप ओसरेल, असे मानले जाई. २०१७ मध्ये याच गटाने दाखवले, की औषध मुळीच नसतानाही प्लाझ्मिडे टिकून राहतात. काही जीवाणू ते गमावतात, पण संयुग्मनाने ते पुन्हा मिळवतात. संयुग्मन रोखणारे लिनोलेइक आम्ल आणि प्लाझ्मिड गळायला लावणारे फिनोथायझिन ही दोन्ही एकत्र दिल्यावर प्रतिरोध उलटा फिरवता आला. हे सारे काचपात्रातले आहे. रुग्णाच्या आतड्यापर्यंतचा पल्ला अद्याप लांब आहे.

धोरणांसाठी मात्र या निष्कर्षाचा अर्थ आजच लागू होतो. भारताने १ मार्च २०१४ पासून कार्बापेनेमसह अनेक प्रतिजैविके अनुसूची एच-१ मध्ये घातली, म्हणजे औषधविक्रेत्याला चिठ्ठीची नोंद ठेवणे बंधनकारक केले. जुलै २०१९ मध्ये पशुपालनात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आली. दोन्ही पावले योग्यच. पण वापर घटवल्याने नव्या प्रतिरोधाला आळा बसतो. पसरलेली प्लाझ्मिडे केवळ तेवढ्याने परत जात नाहीत. त्यासाठी सांडपाण्याचे शुद्धीकरण आणि रुग्णालयातील हातांची स्वच्छता यांना पर्याय नाही, आणि नेमका याच गोष्टींवर खर्च करताना हात आखडतो.

प्रवास करणाऱ्या कुटुंबांसाठी

नेदरलँड्समधील एका अभ्यासात २,००१ प्रवाशांच्या विष्ठेची परदेशवारीपूर्वी आणि नंतर तपासणी झाली. दक्षिण आशियाला गेलेल्यांपैकी, जाण्यापूर्वी ज्यांच्यात असे जीवाणू नव्हते अशा सुमारे ७५ टक्के लोकांनी येताना सीटीएक्स-एमसारखी जनुके असलेले जीवाणू आणले. निम्म्यांच्या शरीरातून ते महिन्याभरात नाहीसे झाले. सुमारे ११ टक्क्यांत वर्षानंतरही ते होते. हे बहुतेक निरोगी लोक होते आणि त्यांना त्याचा कसलाही त्रास नव्हता. तेव्हा गावी जाऊन आलेल्या प्रत्येकाने घाबरून चाचण्या करीत सुटण्याचे कारण नाही. धोका वाढतो तो शस्त्रक्रिया, मूत्रनलिका, कृत्रिम श्वसनयंत्र किंवा कर्करोगावरील उपचार अशा प्रसंगी, जेव्हा आतड्यातला पाहुणा रक्तात किंवा जखमेत शिरतो.

सीडीसीने २०१३ मध्ये अमेरिकेतील रुग्णालयांना सूचना दिली, की गेल्या सहा महिन्यांत परदेशातील रुग्णालयात रात्रभर राहिलेल्या रुग्णाची कार्बापेनेम-प्रतिरोधी जीवाणूंसाठी तपासणी करावी. ही तपासणी गुदद्वारातून घेतलेल्या साध्या नमुन्याने होते. प्रश्न विचारला तरच ती होते, आणि गर्दीच्या आपत्कालीन विभागात तो दर वेळी विचारला जातोच असे नाही. पुण्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आणि मग मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत ही माहिती घरच्यांनीच आधी द्यावी: कोणते रुग्णालय, किती दिवस, अतिदक्षता विभागात होते का, कोणती प्रतिजैविके शिरेतून दिली. भारतातून निघताना डिस्चार्ज कार्डाबरोबर कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा अहवालही मागून घ्यावा. तो बहुधा वेगळ्या कागदावर असतो आणि फाइलमध्ये लागतोच असे नाही. रीनोच्या त्या रुग्णालयात प्रवासाचा इतिहास कळला होता, रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवण्यात आले होते आणि त्या विभागातील इतर रुग्णांची तपासणी झाली. त्यांच्यापैकी कोणातही तसा प्रतिरोधी जीवाणू सापडला नाही.